पेवातला झेंडा

आजीचे मामा वर्ध्याकडचे. वर्षातून एकदा, बहुतेक उन्हाळ्यात, पैनगंगा ओलांडून ते आमच्याकडे यायचे, आणि आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आबांचं आणि त्यांचं हटकून वाजायचं. वादाचा विषय कधी बदलला नाही. झेंड्यात वर कोणता रंग?

"पांढरा," मामा म्हणायचे. "पांढरा वर, मधात हिरवा, अन् खाली लाल. तिन्हींवर मिळून एक मोठा चरखा. मी खांद्यावर घेतलेला झेंडा आहे जावईबापू, मले काय सांगता?"

"मामा, केशरी वर असतो," आबा सुई-दोरा न थांबवता म्हणायचे. "मी माझ्या हातानं शिवलाय."

आबा शिंपी होते. चौकात त्यांचं दुकान, दुकानात एक सिंगरचं मशीन, आणि मशीनच्या वर खिळ्याला लटकवलेली कातर. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेच्या भिंतीवर झेंड्याचं चित्र होतं, त्यात केशरीच वर होता. त्यामुळे मामा खोटं बोलतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. इतक्या म्हाताऱ्या, इतक्या प्रेमळ माणसाला खोटं का बोलावं लागतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

पुढे कॉलेजात असताना एका पुस्तकात चित्र दिसलं. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. खाली लिहिलं होतं १९२१. मामा तोवर गेले होते. त्यांची माफी मागायची राहून गेली, म्हणून आज हे लिहिते आहे.

मामांचा झेंडा जन्मला तो बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात. १९२१ च्या मार्चअखेर तिथं काँग्रेसच्या महासमितीची बैठक होती. आंध्रचे पिंगली वेंकय्या झेंड्यांचे नमुने घेऊन गांधीजींकडे आले. दोन पट्टे होते, तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. जालंदरच्या लाला हंसराज यांनी आधीच सुचवलं होतं की झेंड्यावर चरखा हवा. गांधीजींनी त्यात पांढऱ्याची भर घातली, उरलेल्या सगळ्यांसाठी. आणि पट्ट्यांचा क्रम लावताना संख्येनं जे थोडे ते वर आणि जे सर्वांत जास्त ते तळाला, असा विचार होता. थोरल्यानं खाली उभं राहून धाकट्यांना खांद्यावर घ्यायचं. मला आजवरच्या सगळ्या झेंड्यांतला हा विचार सर्वांत आवडतो. रंगाला धर्म जोडणं पुढे महागात पडलं हे खरं, पण त्या क्रमामागची नियत फार मोठी होती.

हा झेंडा घेऊन मामा नागपूरला गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. १३ एप्रिल १९२३ ला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली आणि पोलिसांनी ती लाठ्या चालवून मोडली. साहेबांची वस्ती तिकडं, तिथून हा झेंडा जाता कामा नये, असा हुकूम होता. मग १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, ठरलेल्या ठिकाणी पोलीस अडवायचे, तुकडी तुरुंगात जायची, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. पुढारी होते जमनालाल बजाज, मामांच्याच वर्ध्याचे. त्यांना पकडल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली, हजाराच्या वर लोक आत गेले. मामांनी तुरुंगात जात्यावर दळण दळलं. "कमरेचा काटा ढिला झाला," ते सांगायचे, "पण आमच्यातल्या एकानंबी माफीचा कागद लिहिला नाही." १८ ऑगस्टला अखेर झेंड्याची मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली. कैदी सुटले. मामा सुटून आले ते थेट त्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि परत गावी गेले. एवढंच पाहायचं होतं, ते म्हणायचे.

त्यामुळे १९३१ मध्ये झेंडा बदलला तेव्हा मामांच्या जिवाला लागलं. काय झालं होतं की, हा रंग याचा आणि तो रंग त्याचा, या हिशोबामुळे ज्याचा रंग नाही तो विचारायला आला. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली, आणि त्यांचं काय चुकलं? काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आणि दोन माणसं आपल्याकडची, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. हर्डीकर म्हणजे हिंदुस्थानी सेवा दलाचे. झेंड्याला वंदन कसं करायचं, रांगेत उभं कसं राहायचं, ही शिस्त स्वयंसेवकांना लावणारा माणूस. या समितीनं सुचवलं की सगळा झेंडाच एका रंगाचा, केशरी करावा, आणि वर कोपऱ्यात चरखा असावा. महासमितीला ते पटलं नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत ठरलं ते असं: केशरी वर, मध्ये पांढरा, खाली हिरवा, पांढऱ्यावर निळा चरखा. आणि रंगांना धर्माशी काहीही देणंघेणं नाही, हे ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं. तांबडा गेला, केशरी आला. पांढरा वरून मध्ये आला. आबांनी शिवला तो हा झेंडा.

पण आमच्या गावावर हे दोन्ही झेंडे नव्हते. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात. चावडीवर फडकायचा तो आसफजाही झेंडा, पिवळ्या कापडावर मधोमध एक गोल. आबांना लहानपणी शाळेत त्या गोलाची गोष्ट सांगितली होती. पहिला निजाम दख्खनला निघाला तेव्हा एका अवलियाच्या दर्शनाला गेला. अवलियानं पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. भुकेला निजाम सात कुलचे खाऊन थांबला. अवलिया म्हणाला, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. म्हणून झेंडा पिवळा आणि मध्ये कुलचा. आबा ही गोष्ट सांगताना सात बोटं उभी करायचे. "आता मोज बाई. उस्मान अली कितवा?" मीर उस्मान अली खान सातवा. गोष्ट आधीची की नंतर कुणी जुळवलेली, याच्याशी आबांना कर्तव्य नव्हतं. ते म्हणायचे, "आम्ही पोरं तव्हापासून मनात मोजत होतो."

हाली सिक्क्याचे पैसे, उर्दू शाळा, करोडगिरीचा नाका, आणि नदीपलीकडे दुसरं जग. पैनगंगेच्या त्या काठावर वऱ्हाड. तिथून वर्तमानपत्रं यायची, तिथूनच पत्रकं यायची. हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली तीही बंदीतच. तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या नि आंबेजोगाईच्या शाळेतले मास्तर. मराठवाड्यात गावोगाव त्यांचे विद्यार्थी होते. १९४७ च्या जुलैत निरोप आला: ७ ऑगस्टला सगळ्या संस्थानात 'भारतात सामील व्हा' दिन पाळायचा, तिरंगा लावायचा. तिरंग्याला तर बंदी.

७ ऑगस्ट ही तारीख झेंड्याच्या गोष्टीत दोनदा येते, हे मला फार नंतर कळलं. १९०६ मध्ये याच दिवशी कलकत्त्याच्या पारसी बागान चौकात हिरवा-पिवळा-तांबडा झेंडा लावला गेला होता, बंगालच्या फाळणीविरोधी बहिष्काराच्या वर्षदिनी. आबांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यापुढं प्रश्न कापडाचा होता. रेशनिंगचे दिवस. दुकानात खादी नाही. आजीनं ट्रंकेतून मांजरपाटाचा तुकडा काढला. पांढरा झाला. केशरी आणि हिरवा कुठून आणायचा?

आमच्या गल्लीच्या टोकाला रंगरेज चाचा राहत. आबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. लुगड्यांना, फेट्यांना रंग द्यायचं त्यांचं काम. आबा रात्री त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "चाचा, एक तुकडा केशरी, एक हिरवा." चाचांनी मापाचे दोन सारखे तुकडे पाहिले आणि ओळखलं. काही बोलले नाहीत. माळ्यावर होळीच्या वेळची पळसाची वाळलेली फुलं होती, ती त्यांनी उकळायला घातली. हिरव्यासाठी घरातली चांगली पुडी फोडली. सकाळी दोन्ही तुकडे वाळवून, घडी घालून, चाची आमच्या घरी घेऊन आल्या. वर भाकरीचं फडकं झाकलेलं. पैसे घेतले नाहीत. आबांनी ही गोष्ट आम्हाला जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा इथं थांबून ते पाणी प्यायचे.

मशीनवर शिवता येत नव्हतं, आवाज गल्लीभर जायचा. आबांनी कंदिलाची वात बारीक केली आणि धावदोरा घालून, वर तुरपाई करून दोन झेंडे हातानं शिवले. निळा चरखा एका मास्तरांनी शाईनं काढला. त्याचं चाक थोडं अंड्यासारखं झालं होतं. पहाटे पोरांनी एक झेंडा गढीच्या बुरजावर चढवला. उजाडल्यावर तासभर तो दिसला असेल. मग अमीन आला, झेंडा उतरवला, आणि दोन पोरांना घेऊन गेला. दुसरा झेंडा आजीनं पोत्यात गुंडाळून ज्वारीच्या पेवात टाकला आणि वरून पेव लिंपून घेतलं.

त्या पहाटे बुरजावर गेलेला झेंडा दिल्लीत सोळा दिवसांपूर्वीच बदलला होता.

घटना समितीनं राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली झेंड्यासाठी समिती नेमली होती. तिच्यात मौलाना आझाद होते, राजाजी होते, मुन्शी होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि सरोजिनी नायडू होत्या. २२ जुलै १९४७ ला नेहरूंनी ठराव मांडला. सभागृहात त्यांनी दोन झेंडे दाखवले, एक रेशमी खादीचा, एक सुती खादीचा. रंग तेच, चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र. कारण सांगितलं ते शिंप्यालाही पटावं असं होतं: चरख्याचं चित्र एका बाजूनं सुलट दिसतं, दुसऱ्या बाजूनं उलट. चक्र दोन्हीकडून सारखं. चरख्याचंच चाक राहिलं, बाकीचा भाग गेला, असंही ते म्हणाले. गांधीजींना हे सुरुवातीला रुचलं नाही. ज्या झेंड्यावर चरखा नाही त्याला मी वंदन करणार नाही, इथपर्यंत ते बोलले. मला त्यांचं दुःख कळतं. मामांचंही असंच झालं होतं १९३१ मध्ये. ज्या खुणेसाठी माणसं तुरुंगात गेली ती खूण बदलताना कुणाच्या तरी काळजाचा तुकडा जातोच.

त्या दिवशी सभागृहात शेवटचं भाषण सरोजिनीबाईंचं झालं. त्या निजामाच्या हैदराबादेत वाढलेल्या. त्यांच्या वडिलांनी, अघोरनाथ चट्टोपाध्यायांनी, तिथल्या निजाम कॉलेजचा पाया घातला. त्या दिल्लीत नव्या झेंड्याचं स्वागत करत होत्या, तेव्हा त्यांच्या माहेरच्या शहरात तो लावणं गुन्हा होता. १५ ऑगस्टला सगळा देश झेंडे लावत होता, आणि हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली.

त्यानंतरचे तेरा महिने आबा फारसे सांगत नसत. निजामाच्या बाजूचे रझाकार आले. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. गावं जळाली, लोक रातोरात नदी उतरून उमरखेडच्या बाजूला गेले. आमचंही घर गेलं. आजीच्या कडेवर माझा मोठा काका, आबांच्या डोक्यावर मशीनचा डोकं-भाग, लाकडी पाट मागेच टाकलेला. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. आबांनी तिथं वर्षभर कॅम्पातल्या पोरांचे सदरे शिवले आणि तिथंच पहिल्यांदा चक्राचा झेंडा पाहिला. पाहिला आणि बराच वेळ शिलाईच पाहत राहिले, असं आजी सांगायची.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामानं हार मानली. महिन्याभरानं आमचे लोक परतले. पेव शाबूत होतं. वरची ज्वारी कुबट झाली होती, पोत्यातला झेंडा कोरडा होता.

आणि चाचांचं घर बंद होतं.

या फौजी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, आमच्या भागात जे झालं ते आमच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत फारसं येत नाही. रझाकारांच्या पापाचा सूड ज्यांच्यावर उगवला ते बहुतेक रझाकार नव्हतेच. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचं नोंदवलं. आबा महिनाभर चौकशी करत फिरले. चाचा नि चाची हैदराबादेत एका नातेवाइकाकडे जिवंत आहेत, असं कळलं तेव्हा आबा तिकडे गेले. चाचा भेटले. परत मात्र आले नाहीत. "तेरा झंडा चढ गया ना बेटा," एवढंच त्यांनी विचारलं. मराठवाड्याच्या मुक्तीचा मला अभिमान आहे, माझ्या घरानं तिच्यासाठी किंमत मोजली आहे. म्हणूनच सांगते, त्या झेंड्याचे दोन पट्टे ज्यानं रंगवले त्याला गाव सोडावं लागलं, हेही त्याच इतिहासात लिहिलं पाहिजे.

परतल्यावर २६ जानेवारी १९५० साठी शाळेनं आबांना झेंडा सांगितला. चक्राला आरे चोवीस. मास्तर कंपास आणि कोनमापक घेऊन बसले, पंधरा-पंधरा अंश मोजायला. आबांनी कागदाचा गोल कापला, त्याची तीनदा निम्मी घडी घातली, आठ पाकळ्या झाल्या, मग त्या घडीचे सारखे तीन भाग केले. उलगडला तर चोवीस रेषा. मास्तरांनी कोनमापक पेटीत ठेवला. खरी अडचण पुढं होती. चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं, आणि एकावर एक बसायला हवं. आबांनी चोवीस टोकांतून सुई आरपार काढून दुसऱ्या बाजूला खुणा केल्या. वाऱ्यावर झेंडा उभा राहिला आणि उन्हात मागचं चक्र पुढच्याच्या आड अचूक लपलं, तेव्हा आबांना म्हणे मशीन मिळाल्याइतका आनंद झाला.

कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा आबा म्हणाले, केसरीवाड्यात जाऊन ये. तिथं काचेआड मादाम कामांचा झेंडा आहे. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत त्यांनी तो फडकवला. हिरव्या पट्ट्यात आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्, खालच्या तांबड्यात सूर्य आणि चंद्रकोर. भिकाजी कामा मुंबईच्या पारशी घरातल्या. १९३५ मध्ये थकून परत आल्या आणि १३ ऑगस्ट १९३६ ला मुंबईतच गेल्या. झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला. त्याच वाड्यात राहणाऱ्या टिळकांनी ॲनी बेझंटबाईंबरोबर १९१७ मध्ये होमरूलचा झेंडा लावला होता. पाच तांबडे नि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींसारखे मांडलेले सात तारे, आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. स्वराज्य मागायचं ते साम्राज्याच्या आत राहून, हे त्या कोपऱ्यात दिसतं. चार वर्षांत बेझवाड्याला तो कोपरा गळून पडला. काचेपुढे उभी असताना मी आबांच्या सवयीनं टाके पाहिले आणि पाहताना रडू आलं. आमच्या पेवातल्या झेंड्यासारखाच हाही कुणीतरी दार लावून शिवला असेल.

आबा १९९१ मध्ये गेले. त्याच्या बऱ्याच आधी, मामांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, त्यांनी एक गोष्ट केली होती ती मला आजीकडून कळली. त्यांनी मामांसाठी हातभर झेंडा शिवला. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा, तिन्हींवर चरखा. मामा गेले तेव्हा तो त्यांच्या उशाशी होता.

झेंड्याचे रंग १९४७ नंतर बदलले नाहीत. कायदा मात्र बदलला. २००२ च्या ध्वजसंहितेनं साध्या नागरिकालाही वर्षभर झेंडा लावायची मुभा दिली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मूलभूत हक्क ठरवला. आबा असते तर त्यांनी दुकानावर रोज लावला असता. पण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरच्या पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली. त्याआधी राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच असायचा. घरोघर स्वस्तात झेंडा पोचावा हा हेतू मी समजू शकते. तरीही शिंप्याची नात म्हणून मला हा बदल मान्य नाही. चक्र आलं तेव्हा चरखा चित्रातून गेला, पण कापडात राहिला होता. तोही गेला तर गांधीजींची तक्रार खरी ठरते.

आमच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आजही खादीचे झेंडे तयार होतात. हुबळीला, डॉ. हर्डीकरांच्या गावी, बेंगेरीत होतात. तिथं काठीच्या बाजूची जाड पट्टी निराळ्या कापडाची असते, दोरीला लाकडी खुंटी असते, लांबी-रुंदीचं माप तीनास दोन असतं, आणि दोन्ही बाजूंची चक्रं एकमेकांवर बसतात की नाही हे तपासून मगच झेंडा बाहेर पडतो.

पेवातला झेंडा माझ्याकडे आहे, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेला. पळसाचा केशरी जवळजवळ उडाला आहे, चाचांचा हिरवा अजून टिकून आहे. पुढच्या वर्षी झेंडा घ्याल तेव्हा कापड एकदा बोटांत धरून पाहा. खरबरीत लागलं, सूत कमी-जास्त लागलं, तर तोच घ्या. चार पैसे जास्त पडतील. ते द्या.